फोनसमोरचा व्यायाम आणि मागे उभं घर

दवाखान्यात पेशंट एकटा येतो. व्हिडिओ कॉलवर अख्खं घर येतं, म्हणून किस्से साठतच जातात. मी नाशिकची फिजिओथेरपिस्ट. जन्मतः हृदयात दोष असलेल्या, आता मोठ्या झालेल्या मंडळींचा व्यायाम द्वारका चौकाजवळच्या माझ्या घरातून, फोनवर घेते.

ओझरच्या भामरेकाकांच्या हृदयातलं छिद्र लहानपणीच बुजवलेलं. त्यांना मनगटावर बांधायला घड्याळ दिलं होतं. चालताना ठोके किती वाढले, ते मला इथे दिसायचं. आकडे बघून मी खूश. एकदा कॉलवर काकांचं मनगट रिकामं दिसलं. मागून काकू पोळ्या लाटता लाटता पुढे आल्या. घड्याळ त्यांच्या हातावर.

"ताई, माझं हृदय तर ठणठणीत झालं. यांचं कधी सुरू करायचं?"

सटाण्याच्या लताबाईंकडे डंबेल नव्हते. म्हटलं, पिशवीत कांदे भरा आणि उचला. काही दिवसांत त्या भराभर उचलायला लागल्या. मी तोंडभर कौतुक केलं, तर त्या लाजल्या.

"ताकद नही वाढनी, ताई. कांदा भाजीमा गयात."

बँकेतल्या समीरला मी नियम सांगितला होता, व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर थांबायचं. नियम पाळायचा म्हणून तो अर्धा तास अखंड बोलायचा. एकदा जरा गप्प झाला, तर मी घाबरून त्याला थांबायला सांगितलं. आतून त्याच्या आई म्हणाल्या, "राहू द्या हो थोडा वेळ असाच."

इगतपुरीची ज्योती शाळेत क्लार्क. पस्तिशीची झाली, तरी जन्मभर घरात एकच वाक्य ऐकलेलं, 'ज्योती, पळू नको.' व्यायामाच्या वेळी आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसायच्या. तिला थोडं पळायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगितलं. आई म्हणायच्या, "डॉक्टर काय, सांगतात आणि घरी जातात."

एका सकाळी कॉल लावला, तर समोर नुसत्या आई. ज्योती कुठेय, विचारलं. आई म्हणाल्या, शाळेत लवकर बोलावलं होतं आणि घाईत ती फोन विसरून गेली. एसटी सुटत होती, म्हणून ती धावत सुटली आणि चढलीसुद्धा.

दम लागला का, मी विचारलं.

"मी गॅलरीतच उभी होते," त्या म्हणाल्या. "पळू नको म्हणायचं राहूनच गेलं."