वीज गेली, असं मी लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मला ओळखणारे म्हणतील, तू न सांगितलेलं काही उरलंय? बरोबर आहे. डहाणूच्या टपरीवर माझे किस्से ऐकायला माणसं बस सोडतात. मी कोळणीची नक्कल करतो, तिच्या टोपलीतल्या पापलेटाचीसुद्धा. पण हे…

२०१५ साली तलासरीच्या एका छोट्या कारखान्यात मी चाचणीचं यंत्र सांभाळायचो. मोडलेल्या मणक्यांना आधार म्हणून पाठीत स्क्रू आणि सळई बसवतात ना — ती सळई आमचं यंत्र सतत वाकवत राहायचं, माणूस वर्षानुवर्षं वाकेल तितकी. किती लाख वेळा वाकवायची तो आकडा ठरलेला; तिथपर्यंत टिकली तर पास. मोडली की यंत्र थांबायचं. वीज गेली तरी थांबायचं. मग वहीत तसं लिहून तिथूनच पुढे चालू करायचं. तलासरीत वीज गेली म्हटल्यावर कोण शंका घेणार?

आकडा जवळ आला होता. जेवून आलो तर सळई मोडलेली. बसवताना माझाच पाना घासला होता का? की सळईच कच्ची होती? मी विचारलंच नाही. नवी लावली, आकडा तसाच ठेवला, वहीत लिहिलं — वीज गेली. सळई पास झाली.

दोन वर्षांनी, ती बसवलेल्या माणसांची विचारपूस करायचं काम माझ्याकडेच आलं. रानशेतचा जान्या ताडी उतरवताना झाडावरून पडला होता, पाठीत आमचीच सळई. डॉक्टरांनी झाडावर चढायला बंदी केलेली. बायको सुकरी मजुरीला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

"भाऊ, तू यंत्रवाला. तू सांग, चढू का?"

नको म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. मी काय केलं? "अरे, यंत्राला मोडली नाही ती तुला काय मोडणार?" म्हणालो — आणि ताडावर चढणाऱ्या लोखंडी माणसाची नक्कल केली. जान्या पाठ धरून हसला.

तो चढला. सळई मोडली, तो पडला, त्याचे पाय गेले. एक्स-रे मी पाहिला — खालच्या स्क्रूच्या अगदी वर, माझ्याकडे मोडली होती तिथेच.

सुकरी खाटेपाशी उभी होती. "बंदी होती तरी चढला. याचीच चूक ना, भाऊ?"

जान्या माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, हो.