सहा साहेब आणि एक प्रेस

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अंबडच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा आमच्या विभागात माणसं किती, तर पत्रा दाबायच्या प्रेसवर एक ऑपरेटर दादा, मी, आणि आमच्या डोक्यावर सहा साहेब. सहाव्या साहेबांचं काम नेमकं काय, हे पाचव्यांनाही सांगता यायचं नाही. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते.

त्या प्रेसमध्ये पत्रा हातानं सरकवावा लागतो. तोंडाशी सेन्सर असतो. प्रेस खाली येताना हात आत असला तर ती जागच्या जागी थांबायला हवी. रोज सकाळी मी काठी आत घालून ते तपासायचे. त्या दिवशी काठी घातली, आणि प्रेस थांबलीच नाही. खाडकन खाली आली, काठीचे दोन तुकडे! दादा मात्र शांतपणे विचारतात, "मॅडम, करू का चालू? टार्गेट लय हाय."

"अजिबात नाही," म्हटलं आणि मेल टाकला. कारण लाल बटण दाबून प्रेस बंद ठेवायची तर साहेबांची परवानगी लागायची. माझ्या आधीच्या इंजिनिअरनं ती न घेता बंद ठेवली होती, म्हणून तर त्याची जागा मला मिळाली होती. पहिल्या साहेबांनी मेल दुसऱ्यांना धाडला, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. 'कृपया लक्ष घालावे.' असा तो सहाव्यांपर्यंत चढला आणि तिथून घरंगळत माझ्याकडेच आला. 'योग्य ती कार्यवाही करावी.' अहो, पण परवानगी कोण, माझा बाप देणार?

शेवटी दाबलं बटण. दहा मिनिटांत सहाही साहेब खाली हजर. दोघांना तर प्रेस कुठली, तेच दाखवावं लागलं.

"काठी खराब असेल," दुसरे साहेब म्हणाले.

प्रेस तेवढ्यापुरती चालू करून दुसरी काठी घातली. तिचेही दोन तुकडे झाले.

"तपासायची पद्धतच तपासायला हवी. समिती नेमू," चौथे म्हणाले.

"तोवर प्रेस चालू ठेवा," सहावे म्हणाले. "आणि कोणाच्या परवानगीनं बंद केलीत?"

मी घाबरले होतेच. पण संतापही असा आला, की तोंडून निघूनच गेलं, "सर, मग आता काठीऐवजी तुम्हीच हात घाला."

दोघांनी हात खिशात घातले. प्रेस बंदच राहिली.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला. एक वायर सुटली होती, ती चहा थंड व्हायच्या आत जोडून गेला. माझं प्रोबेशन मात्र तीन महिन्यांनी वाढलं. शेरा होता, 'वरिष्ठांशी समन्वय कमी'. घरी जाऊन मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात दादा जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसले. "मॅडम, त्या दिवशी लय घाबरल्या होत्या ना तुम्ही?"

"हो ना दादा. तुमच्या हाताला काही झालं असतं तर?"

ते भाकरी मोडत होते. "एक सांगू का? त्या सकाळी तुमची मीटिंग लांबली होती. वरून फोन आला, सुरू करा म्हणून. तुम्ही यायच्या आधी चाळीस नग काढले होते मी."

मला त्यांच्या हातांकडे बघवेना.