काळा नर, वय सात

आमच्या प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे शेपूटमामा म्हणत. गिबनच्या जाळीपुढे कुणी "ए, माकड बघ!" म्हणून ओरडलं की मामा हातातली बादली खाली ठेवायचे. "शेपूट दाखवा बघू," म्हणायचे. तो माणूस वाकून वाकून शोधायचा आणि मामांची गाडी सुटायची. शेपूट असेल ते माकड. गिबन, चिंपांझी, गोरिला हे बिनशेपटीचे, म्हणजे कपी. "आणि आपणही त्याच घरातले हो, लाजू नका! पलीकडचा लेमूर ओल्या नाकाचा, तो लांबचा चुलता. पण पकडणारा हात सगळ्यांना आहे. हातावरून ओळखा नातं."

मामा सातवी शिकलेले. सव्वीस वर्षं गिबनच्या त्या एका घरात फळं चिरली, फरशी धुतली. त्यांचं वर्गीकरण अचूक असायचं आणि त्याचाच मला राग यायचा. मी त्यांची अधिकारी होते, याच विषयातली पदवी घेऊन आलेली. लोक माझ्या फलकाकडे पाठ करून मामांभोवती गोळा व्हायचे.

त्या घरात तिघं होती. काळा बाप, सोनेरी आई आणि त्यांचं सात वर्षांचं काळं पिल्लू. या जातीत पिल्लू सोनेरी जन्मतं आणि दोनेक वर्षांत काळं होतं. नर मग काळाच राहतो, मादी वयात आली की पुन्हा सोनेरी होते. हे मला तोंडपाठ होतं. लहानपणी त्यांच्यात नर-मादी ओळखताना नजर फसते, हेही मी वाचलं होतं. तरी रजिस्टरात 'काळा नर, वय सात' असं होतं, आणि ते मी पुन्हा तपासलं नाही. दुसऱ्या एका संग्रहालयात एक मादी एकटी होती. त्यांना नर हवा होता. मी कागद तयार केले.

मामा कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, ती पोरगी आहे. सकाळी आई लांब तान घेते ना, तेव्हा ही तिच्यात सूर मिसळते, बापाच्या नाही. आणि कानामागं बघा, रंग उतरायला लागलाय. दोन परक्या माद्या एका जागी नांदायच्या नाहीत. पाठवू नका तिला."

आत चार माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर मला शिकवलं जात होतं. मी म्हटलं, "रंग उतरतोय, कारण तुमच्याकडून खुराक कमी पडतोय. फळं जातात कुठं, ते आधी सांगा."

मामांनी चौघांकडे एकदा पाहिलं. "बरं, मॅडम," एवढंच म्हणाले. मी तेवढ्यावर थांबले नाही. बोललेलं खरं दिसावं म्हणून तसा मेमो काढला आणि त्यांना कासवांकडे पाठवलं. पिल्लू पेटीतून गेलं.

पाच महिन्यांनी तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला. "तुमचा नर सोनेरी झालाय." त्यांच्या मादीने तिला फाडलं होतं. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. गिबनचं सगळं जगणं हातावर चालतं. ती परत येणार होती.

हे मीच सांगायला हवं होतं, म्हणून मामांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दाराशी धुतलेले गमबूट. मामींनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "खुराकाचं बोललात ते फार लागलं हो त्यांना. घरात सफरचंद आणलं तरी अर्धं डब्यात भरून तिला न्यायचे."

मी मामांना सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"झेप घेताना ती आधी डावाच टाकते," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला तिच्याकडं यायची परवानगी मिळेल का, मॅडम?"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. परवानगी, आणि ती माझ्याकडे मागत होते.

त्यांना परत घ्यायचं तर आधीचा हुकूम रद्द करावा लागणार होता आणि त्याचं कारण लिहावं लागणार होतं. मी लिहिलं, 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार.' ती माहिती पाच महिन्यांपूर्वी माझ्या दारात उभी होती, हे मला लिहिताना ठाऊक होतं. तरी खाली सही केली. मामांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि किल्ल्या मागितल्या.

आता ती पुरती सोनेरी झाली आहे. उजव्या हाताने आधी पकडायला शिकली, मामांनी शिकवलं. लोक तिच्या हाताकडे बोट दाखवून विचारतात, "हिला काय झालं हो?"

"भांडणात गेली बोटं," मामा सांगतात. याहून जास्त कधी एक शब्द नाही. मी कितीदा तरी तिथेच, त्यांच्या मागे उभी असते. मीही सांगत नाही.