थ्रोवर मिळालेला तिसरा बेस

मार्कसच्या बॅनरची फाइल प्रिंटला जाणार होती, आणि त्याच्या एका हिटचा व्हिडिओ मी परत लावून बघितला. हा ट्रिपल नव्हताच!

मागच्या बेसबॉल सीझनमध्ये सगळ्यात जास्त ट्रिपल मार्कसचे. या सीझनच्या ओपनिंग गेमच्या आधी त्याला मैदानात ट्रॉफी मिळणार होती. त्याची आई खास विमानाने येणार होती.

आता ट्रिपल म्हणजे काय? बॉल मारून बॅटर स्वतःच्या हिमतीवर थेट तिसऱ्या बेसवर पोचला, की ट्रिपल. बॉल मैदानाबाहेर मारून होमरन केला की आरामात फिरता येतं. ट्रिपलला जीव खाऊन पळावं लागतं, म्हणून मला तो जाम आवडतो. पण इथे मार्कस दुसऱ्या बेसवर थांबला होता. फील्डरने पुढच्या रनरला आउट करायला बॉल होमकडे, म्हणजे रन पूर्ण होतो त्या शेवटच्या बेसकडे फेकला, तेव्हा हा तिसऱ्यावर सटकला. नियमाने हा डबल, म्हणजे दोनच बेसचा हिट. तिसरा बेस थ्रोच्या कृपेने.

सांता क्लारातली आमची छोटी कंपनी एका लहान लीगचे व्हिडिओ बघून प्रत्येक हिटला डबल, ट्रिपल असा टॅग लावते. शंका असेल तर क्लिप लीगच्या स्कोअररकडे, म्हणजे जिमकडे पाठवायची. ही पाठवलीच नव्हती. टॅग माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या निखिलचा.

"निखिल, हा ट्रिपल कसा काय?"

"तिसऱ्यावर पोचला ना तो?"

"अरे, थ्रो होमला गेलाय."

"मग? तीन पळाला तर तीन त्याचेच. ओव्हरथ्रोचे रनपण बॅट्समनलाच देतात."

"हे क्रिकेट नाहीये, यार."

तो हळूच म्हणाला, "मी सीझनभर असंच केलंय."

मार्कसच्या सगळ्या क्लिप्स काढल्या. अजून एक तशीच निघाली. दोन ट्रिपल गेले, आणि एकाने पुढे असलेला मार्कस दुसऱ्या नंबरवरच्या डिएगोच्या एकाने मागे गेला.

मॅनेजर केविनने कपाळाला हात लावला. "त्याच्या आईला काय सांगू मी? ट्रॉफी डिएगोला द्यावी लागणार."

"थांब ना," मी म्हटलं. "निखिलने टॅग काय फक्त मार्कसला लावलेत? डिएगोचे कोण बघणार?"

जिमला व्हिडिओ कॉल लावला आणि डिएगोच्या क्लिप्स सुरू केल्या. हळूहळू अख्खं ऑफिस माझ्या खुर्चीमागे जमलं. लाइव्ह मॅच असल्यासारखं! बऱ्याच क्लिप्स स्वच्छ निघाल्या. मग एकीत थ्रो होमला गेलेला दिसला.

"डबल," जिम म्हणाला.

बरोबरी! राहिली एकच क्लिप. हीपण गेली, तर मार्कस पुन्हा एकटा पुढे. निखिल नखं खात होता. बॉल पार कोपऱ्यात गेला, डिएगो दुसऱ्या बेसवर थांबलाच नाही, थ्रो तिसऱ्यावर आला आणि त्याच्या आधी हा घसरत पोचला. काय पळाला होता!

जिम हसला. "याला मी काय शंका काढू? ट्रिपल."

मी मार्कसच्या बाजूची, तरी टाळ्या वाजवल्या.

बॅनरवर दोघांचे फोटो आले, ट्रॉफ्या दोन झाल्या. डिएगोनेही आईला बोलावलं, आणि दोघी आया गेमभर शेजारी बसून एकमेकींच्या मुलांना ओरडून पळवत होत्या.

आता आमच्या टॅगिंग स्क्रीनवर ट्रिपल निवडला की एक प्रश्न येतो: थ्रो कुठे गेला? तो निखिलनेच टाकलाय. खेळ अजिबात माहीत नसलेला माणूस दहादा विचारतो. आमचा घोळ झाला, कारण निखिलला क्रिकेट फार छान येतं.