सगळ्यांचं प्रेशर

"बस लेकरा, आधी तुझं बघू." दारात पाऊल ठेवलं की मावशी ओसरीवर हात थोपटायच्या आणि माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळायच्या. मशीन तपासायला गेलेला मी पेशंट होऊन बसायचो.

सेनगावकडच्या त्यांच्या घरी बीपीचं मशीन मीच दिलं होतं. मोजलेला आकडा मोबाईलमधून थेट आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या नावासमोर यायचा. तो पाहून डॉक्टर गोळी बदलायचे. पण मशीनला एकच नाव ठाऊक आणि मावशींना अख्खं गाव! शेतात निंदायला निघालेल्या बाया, दूधवाला, एकदा तर एसटीचा कंडक्टर. सगळ्यांचे आकडे मावशींच्या नावावर. डॉक्टर वैतागले, "ही बाई आहे की आठवडी बाजार?"

मी समजवायला गेलो. "मावशी, फक्त तुमचंच मोजायचं."

"काहून? दारी आलेल्याला पाणी देतोच की न्हाई?"

तुम्ही असता तर काय बोलला असता? शेवटी असं ठरलं, की आकडा भलता आला तर मी फोन करायचा आणि तो कोणाचा ते त्यांनी सांगायचं. त्या सांगायच्याही. "शेजारणीचं हाय. तिला गोळी चालू कर बरं."

नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी फार मोठा आकडा आला. मी लगेच फोन लावला. मागे मांडवाची ठोकाठोक चालली होती.

"मावशी, हे कोणाचं?"

"सुनंची माय आली नं, तिचं."

"त्यांना आत्ताच घेऊन या."

"लग्न होऊ दे. मीच घेऊन येते."

लग्न लागलं, नात सासरी गेली. त्याच संध्याकाळी पाहुण्यांना निरोप देता देता मावशी ओसरीवर कोसळल्या. परत उठल्या नाहीत.

भेटायला गेलो, तेव्हा सुनेची आई तिथेच बसली होती. मी म्हणालो, "तुम्हीही जपा. त्या दिवशी तुमचं प्रेशर फार होतं."

"माझं? मी तर लग्नाच्या दिशी आले, बाबा. मला कोणी पट्टा लावलाच न्हाई."

मला रडू आवरेना. लग्नघरातून दवाखान्याची गाडी निघू नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. सगळ्यांचं आपल्या नावावर घेणारी ती बाई, एकदाच आपलं दुसऱ्याच्या नावावर टाकून गेली.

सुनेने मशीन आणून समोर ठेवलं. मी ओसरीवर बसलो होतो. सवयीने बाही वर सारली आणि तसाच बसून राहिलो.