न झिजलेला पत्रा

गंज्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथंच राहिलं. हात कोपरापर्यंत तांबूस, म्हणून गंज्या. क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात तो सांडपाण्याच्या टाकीवर होता. पिवळं जहर पाणी टाकीत यायचं. त्यात बुडवलेल्या लोखंडी पत्र्यांतून वीज सोडली की लोखंड झिजायचं आणि जहर गाळ होऊन तळाशी बसायचं. वरचं नितळ पाणी मागच्या पाइपातून बाहेर. दर शनिवारी गंज्या पत्रे काट्यावर ठेवून वजन खडूनं भिंतीवर लिहायचा. पत्रा झिजला म्हणजे पाणी साफ, एवढंच त्याचं शास्त्र.

क्रोमनं त्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पाडलं होतं, थोरल्या भावाला तर गिळलंच होतं. तरी या टाकीवरून गंज्याचं नाक कायम वर. "माझ्या पाण्यात बिनधास्त धुणं धुवा," असं तो वस्तीत छातीठोकपणे सांगायचा. नळ आटला की बायका पाइपाखाली बादल्या लावायच्या. त्यात पहिली त्याची लेक.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तो आठ दिवस दवाखान्यात होता. घरी आला तर लेकीचे हात फडक्यात गुंडाळलेले. त्यानं फडकं सोडलं. बोटांच्या पेरांवर खोल, गोल खड्डे पडले होते. असे खड्डे त्यानं भावाच्या हातांवर पाहिले होते.

"पाणी जरा पिवळट होतं, बाबा. मला वाटलं, तुमच्या पत्र्यांचा गंज असेल."

टाके ओले होते, तरी तो तसाच कारखान्यात गेला. पत्रा उपसून काट्यावर टाकला. काट्यावरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा एकच. आठ दिवसांत गुंजभरही लोखंड झिजलं नव्हतं.

मुकादम म्हणजे त्याचा साडूच. "वरून हुकूम होता," तो हसत म्हणाला. "मुलाम्याला वीज कमी पडत होती. आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

गंज्यानं पत्राच हाणला. पहिला घाव कानशिलावर, दुसरा तोंडावर. दोन दात फरशीवर पडले. मुकादमानं पाना उचलून नेमका पोटाच्या टाक्यांवर घातला आणि गंज्याचा सदरा रक्तानं भिजला. तरी त्यानं साडूची मानगूट धरून त्याला टाकीपर्यंत फरफटत नेलं, त्याचा हात काठावर दाबला आणि पत्र्याच्या कडेनं बोटं ठेचली. एकदा, मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज आला आणि त्याला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"भाचीचे हात सडले रे तुझ्या!"

मुकादम रक्त थुंकला. "वीज मी बंद केली, कबूल. पण त्या पाण्यात हात घाल म्हणून पोरीला सांगितलं कुणी?"

तिसऱ्यांदा उचललेला पत्रा वरच राहिला. भोवती कामगार जमले होते. त्यांच्याही बायका तिथंच धुणं धुवायच्या.

"मी," गंज्या म्हणाला. "मीच सांगितलं."

फाटलेलं पोट एका हातानं धरून त्यानं पत्रा पुन्हा टाकीत बसवला, वीज सुरू केली आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिला.