वालूरला गेलेली फ्लॉपी

आम्ही कुणीही भेटलो की मोईन सरांच्या क्लासचे किस्से निघतातच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्याला आठवतो, आणि चहा पार थंड होऊन जातो. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षातल्या या गोष्टी. परभणीत स्टेशन रोडला एका कापड दुकानाच्या वर सरांच्या दोन खोल्या होत्या. शिकणारे आम्ही तिघं: मी, सुनंदा कांबळे आणि वालूरचा शेषराव.

सरांच्या भाच्यानं हैदराबादहून फ्लॉप्या पाठवल्या होत्या. ऑपरेटिंग सिस्टिम फुकट, वर आतला सगळा कोड उघडा. शेषरावला हे पटेचना. "सर, फुकट हाय म्हंजे कायतरी खोट असंल."

"है ना," सर म्हणाले. "प्रिंटर चालत नाही. तेच तर आपल्याला करायचंय."

* * *

मशीनला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो दुसऱ्याच्या मशीनवर आपोआप बसेल असा बांधायचा, म्हणजे पॅकेज करायचं, हे आमचं शिक्षण. माझं पहिलं पॅकेज सुनंदाच्या मशीनवर बसेना. एक फाइल माझ्याकडेच राहिली होती.

दुपारी शेषरावचा डबा आला. त्याची आई रोज सकाळच्या वालूरच्या एसटीत डबा ठेवायची आणि हा तो स्टँडवरून आणायचा. त्या डब्यावर आम्हा सगळ्यांचाच जीव होता. सरांनी तो उघडला. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा आणि कागदाच्या पुडीत मीठ.

"बघ," ते मला म्हणाले, "माऊलीला माहीत आहे, पोराच्या खोलीवर मीठसुद्धा नसेल. पॅकेज असं बांधायचं."

त्यानंतर माझं काही राहिलं की सुनंदा नुसतं "मीठ" म्हणायची.

* * *

सुनंदाचं पॅकेज तिच्या मशीनवर झकास, बाकी कुठंच नाही. मशीन ज्या नावानं चालू करावी त्या नावाचं फोल्डर त्यात बनायचं, आणि टाकलेल्या फाइली त्यातच जायच्या; तिनं मात्र लागणाऱ्या फाइली 'सुनंदा' नावाच्या फोल्डरमध्येच शोध, असं प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं. ज्या मशीनवर सुनंदा नाही, तिथं प्रिंटर ठप्प.

"बेटा, ही लग्नाची पत्रिका नाही," सर म्हणाले. "स्वतःचं नाव घालायचं नसतं."

शेषराव सगळ्यांत जास्त हसला. पुढं आठवडाभर तो हसतच होता.

* * *

खरं तर हसण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती. त्याच्या वडिलांनी, आबांनी, पेरणीपर्यंतची मुदत दिली होती. एकदा ते क्लासवर आले, बराच वेळ त्याच्या पाठीमागं उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो नुसता टाइप करायलाय. टाइप करणारे वालूरात हायेत की." शेषराव एकदा घरी गेला की परत येणार नाही, हे आम्हाला दिसत होतं. वाईट वाटायचं.

वालूरच्या शाळेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर नि प्रिंटर दिला होता. सरांनी तिथं आमची सिस्टिम टाकली होती, पण प्रिंटर मुकाच. सर म्हणाले, "आबा, याचं पॅकेज तिकडं पाठवतो. प्रिंटर चालला तर पोरगा इथं राहील."

"आन् न्हाई चालला तर?"

"तर घेऊन जा."

* * *

शेषरावनं जीव ओतून पॅकेज बांधलं. मीठ, कांदा, सगळं. त्याच्या मशीनवर प्रिंटर खडखडत चालला. दुसऱ्या मशीनवर तपासणार तेवढ्यात लाइट गेली आणि एसटीची वेळ झाली. रिकाम्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्लॉपी वालूरला रवाना झाली.

लाइट आल्यावर आम्ही ते सुनंदाच्या मशीनवर टाकलं. प्रिंटर ठप्प. सुनंदानं कोड वाचला आणि हळूच म्हणाली, "शेषराव, लग्नाची पत्रिका."

तिसऱ्या दिवशी आबा स्वतः डबा घेऊन जिना चढून आले. शेषरावनं पिशवी भरूनच ठेवली होती.

आबांनी आधी पाणी मागितलं. "सर, मास्तरानं सोताच्या नावानं मशीन चालू केली. प्रिंटर गप. हेडमास्तराच्या नावानं केली. तरी गप. मग मीच म्हनलं, ज्यानं बांधून पाठवलंय त्याचं नाव घालून बघा की. मास्तरानं शेषरावच्या नावानं पयल्यापासून समदं केलं. आन् काय सांगू, कागद भाहेर."

शेषरावनं तोंड उघडलं. सरांनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"गावानं बघितलं," आबा म्हणाले. "मशीन दुसऱ्या कुनाचं ऐकतच न्हाई." त्यांनी डबा पोरापुढं सरकवला. "ऱ्हा इथंच. पेरनीचं मी बघतो."